आजीची भाषा आणि सरकारी मातृभाषा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आपल्याकडे शाळेतल्या भाषेचा वाद पेटला की सिंगापूरचे नाव निघतेच. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले तेव्हा निघाले, २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा प्रश्न गाजला तेव्हाही निघाले. 'एवढ्याशा बेटाला जमते, मग आपल्याला का जमू नये? तिथली मुले फाडफाड इंग्रजी बोलतात आणि मातृभाषाही शिकतात.' हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यातल्या 'मातृभाषा' या शब्दापाशी जरा थांबावेसे वाटते. कारण सिंगापूरच्या शाळेत त्या शब्दाचा जो अर्थ आहे, तो आपल्या शब्दकोशातला नाही. तिथे मूल आईशी कोणत्या भाषेत बोलते हे विचारले जात नाही. त्याच्या सरकारी नोंदीत 'वंश' या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहिले जाते, आणि तो रकाना परंपरेने बापाकडून भरला जातो. चिनी असाल तर तुमची मातृभाषा मँडरिन, मलय असाल तर मलय, भारतीय असाल तर तामिळ. हा हिशेब कसा जमला आणि त्याची किंमत कोणी मोजली, तेवढेच आज सांगायचे आहे.

बेट लहान. १९६५ साली स्वतंत्र झाले तेव्हा क्षेत्रफळ साधारण बृहन्मुंबईएवढे आणि वस्ती एकोणीस लाखांच्या आसपास. १८१९ साली स्टॅमफर्ड रॅफल्सने ईस्ट इंडिया कंपनीसाठी तिथे ठाणे बसवले आणि १८६७ पर्यंत ते हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याचाच एक भाग होते. तिथले सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल इथून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांनी बांधले. भुयारी रेल्वेच्या एका मोठ्या स्थानकाचे नाव आजही 'धोबी घाट' आहे, आणि सेरंगून रोडच्या परिसरात क्लाइव्ह, हेस्टिंग्ज, डलहौसी हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातले सगळे साहेब गल्लीबोळांच्या पाट्यांवर भेटतात.

तिथली तीन चतुर्थांश वस्ती चिनी. पण 'चिनी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक भाषा येते, तसे तिथे नव्हते. दक्षिण चीनच्या वेगवेगळ्या बंदरांतून आणि जिल्ह्यांतून आलेली ही माणसे होक्कियन, तिओच्यू, कँटोनी, हाक्का, हैनानी अशा भाषा बोलत. सरकारी कागदांत त्यांना 'बोली' म्हणतात, म्हणून आपल्याला वाटते की मालवणी आणि पुणेरी यांच्याएवढाच फरक असेल. प्रत्यक्षात होक्कियन आणि कँटोनी माणसांना एकमेकांचे बोलणे मराठी आणि बंगाली माणसांइतके कळणेही कठीण. लिपी एक, एवढाच दुवा. बाजारात सगळ्यांची मिळून एक मोडकी मलय चाले. १९५७ च्या जनगणनेत तीस टक्के लोकांनी मातृभाषा होक्कियन सांगितली. इंग्रजी सांगणारे शंभरात दोनही भरले नाहीत. आणि मँडरिन, जी आज तिथल्या प्रत्येक चिनी मुलाची 'मातृभाषा' आहे, ती सांगणारे हजारात एक होते!

या सरमिसळीची चव अजून घ्यायची तर तिथल्या साध्या कॉफीच्या दुकानात जावे. दुकानाला म्हणतात 'कोपितिआम'. त्यातले कोपी मलय आणि तिआम होक्कियन. काळी, बिनसाखरेची कॉफी हवी तर 'कोपी ओ कोसोंग' म्हणायचे. 'ओ' म्हणजे काळा, हा शब्द होक्कियन. 'कोसोंग' म्हणजे रिकामे, हा मलय. अशा दुकानांचा धंदा पूर्वी बराचसा हैनानी लोकांच्या हाती होता. म्हणजे मागणारा तामिळ, करणारा हैनानी आणि शब्द तिसऱ्या-चौथ्याचे. हे शिकायला कुणी शाळेत गेले नव्हते.

शाळेत मात्र मुले वेगवेगळ्या दिशांना जात. इंग्रज सरकारला कारकून हवे होते, तेवढ्यापुरत्या इंग्रजी शाळा सरकारने आणि मिशनऱ्यांनी काढल्या. मलय मुलांना प्राथमिक शिक्षण फुकट मिळे, पण त्यापुढची वाट अरुंद. चिनी आणि तामिळ शाळा ज्याच्या त्याच्या समाजावर सोडल्या होत्या. चिनी समाजाने त्या जिद्दीने चालवल्या. १९१९ साली टान का की या रबराच्या व्यापाऱ्याने चिनी हायस्कूल उभे केले. पुस्तके आणि बरेचसे शिक्षक चीनमधून येत, आणि चीनमधल्या नव्या राष्ट्रवादाच्या प्रभावाखाली या शाळांनी मँडरिन हे माध्यम धरले. म्हणजे होक्कियन घरातले मूल तेव्हाही शाळेत परकी भाषाच शिकत होते. फरक इतकाच की घरच्या भाषेला कुणी हात लावत नव्हता. एकाच गल्लीतली चार मुले चार शाळांत जात, चार देशांचे भूगोल शिकत आणि मोठेपणी एकमेकांशी बाजारच्या मलयमध्ये बोलत.

चिनी शाळेतून बाहेर पडलेल्या तरुणाला सरकारी नोकरी नाही आणि इंग्रजी विद्यापीठात प्रवेशही नाही. या अपमानातून नानयांग विद्यापीठ जन्माला आले, आणि ही कथा मला त्या बेटाच्या इतिहासातली सर्वांत हृद्य वाटते. १९५३ साली टान लार्क साय या दुसऱ्या एका रबर व्यापाऱ्याने, ज्याचे स्वतःचे शालेय शिक्षण फारसे नव्हते, चिनी माध्यमाच्या विद्यापीठाची कल्पना मांडली आणि स्वतःचे पन्नास लाख डॉलर देऊ केले. होक्कियन समाजाच्या संस्थेने जुरोंगला पाचशे एकरांहून अधिक जमीन दिली. त्यानंतर जे झाले ते कर्मवीर भाऊराव पाटलांच्या महाराष्ट्राला सांगायला नको. तीनचाकी सायकलरिक्षा ओढणाऱ्यांनी दिवसाची कमाई दिली, फेरीवाल्यांनी दिली, नाचघरांतल्या नर्तिकांनीही दिली. ज्यांची मुले विद्यापीठाच्या फाटकापर्यंत पोचण्याची शक्यता नव्हती त्यांनीही दिली. १९५८ च्या मार्चमध्ये औपचारिक उद्घाटनाला इतकी गर्दी लोटली की जुरोंगचा रस्ता तुंबून गेला.

त्याच वर्षांत रस्त्यावर रक्तही सांडत होते. १३ मे १९५४ रोजी सक्तीच्या लष्करी नोंदणीविरुद्ध चिनी शाळांतल्या मुलांचा मोर्चा निघाला आणि पोलिसांशी चकमक झाली. जपानी अमलात शिक्षणाची वर्षे बुडाल्याने यातली कितीतरी 'मुले' चांगली वयात आलेली होती. १९५५ साली बस कामगारांच्या संपात हीच मुले उतरली. १९५६ च्या ऑक्टोबरातल्या दंगलीत तेरा माणसे मेली. इंग्रजांना यात कम्युनिस्ट दिसत होते. होतेही. पण भाषेचा अपमान नसता तर कम्युनिस्टांना इतकी मुले मिळाली असती का, हा प्रश्न तेव्हाच्या विधिमंडळालाही पडला. १९५६ च्या सर्वपक्षीय समितीने चारही भाषांच्या शाळांना समान वागणूक द्या, असे सांगितले. मलय, मँडरिन, तामिळ, इंग्रजी या चार भाषांचे सिंगापूर तिथून सुरू होते.

१९५९ साली ली क्वान यू पंतप्रधान झाले. त्यांचे स्वतःचे शिक्षण इंग्रजीत झालेले आणि लहानपणी घरात इंग्रजी व मलय चाले. मँडरिन ते मोठेपणी शिकले. १९६१ साली हाँग लिम भागातल्या पोटनिवडणुकीसाठी ते सदतिसाव्या वर्षी होक्कियन शिकायला बसले, कारण समोरचा उमेदवार होक्कियनमध्ये सभा जिंकत होता. निवडणूक त्यांच्या पक्षाने हरली, पण होक्कियन ते इतके शिकले की पुढे सभांत बोलू लागले. हे लक्षात ठेवावे.

९ ऑगस्ट १९६५ रोजी मलेशियातून बाहेर पडून सिंगापूर एकटे पडले. आदल्याच वर्षी मलय आणि चिनी लोकांत दंगली झाल्या होत्या. आजूबाजूला मलय भाषेचा समुद्र. अशा ठिकाणी बहुसंख्यांची म्हणून चिनी भाषा गादीवर बसवणे म्हणजे काडी ओढण्यासारखे होते. म्हणून राष्ट्रगीत मलय राहिले, सैन्यातल्या कवायतीचे हुकूम मलयमध्ये राहिले, आणि रोजच्या कारभारात कुणाचीच नसलेली इंग्रजी पुढे आली. इंग्रजांचे नाविक तळ १९७१ पर्यंत गुंडाळले जाणार हे १९६८ मध्येच जाहीर झाले होते, नोकऱ्या परदेशी कंपन्यांकडून येणार होत्या, आणि त्या कंपन्या इंग्रजी बोलत होत्या. चिनी शाळा कुणी कायद्याने बंद केल्या नाहीत. आईबापांनीच मुले काढून घेतली. १९५० च्या दशकात इंग्रजी आणि चिनी शाळांत जाणाऱ्या मुलांची संख्या जवळपास बरोबरीची होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नव्याने दाखल होणाऱ्या दहा मुलांतले जेमतेम एक चिनी शाळेत जात होते. नानयांग विद्यापीठ १९८० साली सिंगापूर विद्यापीठात विलीन झाले. सायकलरिक्षावाल्यांच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या त्या आवारात आज नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. जगात नावाजलेले आहे, शिकवते इंग्रजीत.

इथवरचे आपल्याला ओळखीचे वाटेल. पुढचे वाटणार नाही.

१९६० पासून प्राथमिक आणि १९६६ पासून माध्यमिक शाळेत दोन भाषा सक्तीच्या होत्या. बारा-पंधरा वर्षांत याचे काय झाले ते पाहायला उपपंतप्रधान गोह केंग स्वी यांनी एक गट नेमला. गोह अर्थशास्त्राचे माणूस, आणि गटातले बहुतेक लोक सिस्टिम इंजिनिअर. कारखान्यात माल कुठे वाया जातो ते शोधावे तशी त्यांनी शाळा तपासली. फेब्रुवारी १९७९ मध्ये अहवाल आला. परीक्षेला बसणाऱ्या मुलांपैकी साठ टक्क्यांहून अधिक मुले एका किंवा दोन्ही भाषांत नापास होत होती. कारणही स्वच्छ होते. पंच्याऐंशी टक्के मुले घरी ना इंग्रजी बोलत, ना मँडरिन. होक्कियन घरातल्या मुलाला दोन परक्या भाषा एकदम शिकाव्या लागत, आणि त्यातल्या एकीला मातृभाषा म्हणावे लागे.

आता यावर उपाय काय? आपल्यातल्या कुणालाही विचारले तर तो म्हणेल, शाळेतली भाषा घराच्या जवळ आणा. सिंगापूरने मुलांची कुवतीनुसार चाळणी लावली, तीही फार लहान वयात, आणि शिवाय घराची भाषा शाळेच्या जवळ आणायचे ठरवले. ७ सप्टेंबर १९७९ रोजी ली क्वान यू यांनी 'मँडरिन बोला' मोहीम सुरू केली. बोली कमी बोला, मँडरिन जास्त बोला, असा थेट आदेशच होता. एकेका वर्षी बाजार, भोजनालये, बस आणि टॅक्सी असे एकेक क्षेत्र धरले. स्वतः ली यांनी होक्कियनमधून भाषणे देणे बंद केले.

रेडिओवर बोलताना मला यातला रेडिओचा भाग विशेष टोचतो. तिथे १९४९ पासून रेडिफ्यूजन नावाची तारेवरून चालणारी नभोवाणी होती. महिन्याचे भाडे भरले की घरात, कॉफीच्या दुकानात पेटी लागायची. तिच्यावर होक्कियन, कँटोनी, तिओच्यू कथेकरी जुन्या चिनी कथा रंगवून सांगत. कँटोनीतले ली दाय सोर हे त्यांतले सर्वांत लाडके. त्यांचा आवाज लागला की दुकानात माणसे कॉफी निवेपर्यंत बसून राहत. मोहिमेनंतर दोन-तीन वर्षांत हे कार्यक्रम बंद झाले. दूरचित्रवाणीवरच्या हाँगकाँगच्या कँटोनी मालिका मँडरिनमध्ये डब होऊन येऊ लागल्या. अक्षर न ओळखणाऱ्या आजीला जगाशी जोडणारा तेवढाच धागा होता. एके दिवशी तिच्याच घरातली पेटी तिला न कळणाऱ्या भाषेत बोलू लागली.

उत्साहाच्या भरात नावेही बदलली. सेरंगून रोडवर तेक्का नावाचा जुना बाजार होता. नाव होक्कियन, अर्थ 'बांबूच्या बेटाखाली' असा काहीसा. पण ते नाव चिनी, तामिळ, मलय सगळ्यांच्या तोंडी बसलेले. १९८२ साली बाजाराची नवी इमारत झाली तेव्हा तीच अक्षरे मँडरिन उच्चारात वाचून 'झूज्याओ' अशी पाटी लावली. तामिळ भाजीवाल्याला ते म्हणता येईना, होक्कियन म्हातारीला तो आपला बाजार वाटेना. लोक तेक्काच म्हणत राहिले आणि २००० साली पाटी मुकाट्याने पुन्हा 'तेक्का' झाली. सरकारने माघार घेतली अशी उदाहरणे त्या देशात फार नाहीत, म्हणून मला या पाटीचे कौतुक आहे.

घरातली पाटी मात्र बदलली ती बदललीच. १९८० साली चिनी कुटुंबांपैकी ८१ टक्के घरांत बोली चालत होत्या. २००० साली ३१ टक्के. वीस वर्षांत, कोणावरही लाठी न उगारता, एका समाजाने स्वयंपाकघरातली भाषा बदलली. भाषानियोजन करणारे याकडे थक्क होऊन पाहतात, आणि पाहावेच. पण १९८८ साली क्वो पाओ कुन या नाटककाराने याच वीस वर्षांच्या मध्यावर एक नाटक केले, त्यात मला आकड्यांपेक्षा अधिक कळते. नाटकाचे नाव मराठीत 'आई मांजर शोधते आहे' असे होईल. आई होक्कियन बोलते, मुले इंग्रजी आणि मँडरिन शिकून मोठी झाली आहेत. तिचे बोलणे आता मांजराशीच. मुले त्यावर रागावतात, मांजर जाते आणि आई त्याला शोधत घराबाहेर पडते. रस्त्यात तिला एक तामिळ म्हातारा भेटतो, तोही आपले मांजर शोधतो आहे. तिला तामिळ येत नाही, त्याला होक्कियन येत नाही. दोघे हातवाऱ्यांनी, आवाजांनी बोलतात, आणि त्यांचे छान जमते. हे लिहिणारा माणूस १९७६ ते १९८० सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्धतेत होता. बाहेर येऊन त्याने एकाच रंगमंचावर इतक्या भाषा आणल्या, आणि हे नाटक त्या देशातले पहिले बहुभाषी नाटक मानले जाते.

चिनी घरांबद्दल मी जास्त बोललो, पण रकाना सगळ्यांनाच होता. जावा किंवा बावियान बेटावरून आलेले लोक 'मलय' झाले. भारतीयांत तामिळ बहुसंख्य, म्हणून तामिळ अधिकृत भाषा. पण उमर पुलवर ही शेवटची तामिळ माध्यमाची शाळा १९८२ साली बंद पडली आणि आज भारतीय वंशाच्या निम्म्याहून अधिक लोकांच्या घरात इंग्रजीच मुख्य आहे. उत्तर भारतीयांच्या मुलांना बरीच वर्षे तामिळ किंवा मलय घ्यावी लागे. १९९० च्या सुमारास हिंदी, बंगाली, पंजाबी, गुजराती आणि उर्दू या पाच भाषांना 'मातृभाषा' म्हणून परीक्षेत जागा मिळाली.

या पाचांत मराठी नाही. सिंगापुरात आज मराठी माणसे चांगली रुजली आहेत, तिथल्या महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव थाटात होतो. पण तिथल्या शाळेत जाणाऱ्या मराठी मुलाची 'मातृभाषा' बहुधा हिंदी असते. माझ्या ओळखीच्या एका घरात मुलगी प्रगतिपुस्तक घेऊन आली, 'मातृभाषेत' उत्तम गुण होते. आजीने पुण्याहून फोनवर कौतुकाने विचारले, 'मराठीत का गं?' मुलीला प्रश्नच कळला नाही. 'नाही आजी, मदर टंगमध्ये,' ती म्हणाली. आईवडिलांना यात काही गैर वाटत नव्हते, आणि त्यांच्याकडे तक्रार करायला वेळही नव्हता. हिंदीची लिपी देवनागरी आहे, हा आपल्या मुलांचा त्यातल्या त्यात फायदा.

मी सिंगापूरला खलनायक करत नाही. १९६५ च्या त्या बेटावर मी मंत्री असतो तर काय केले असते, ते सांगणे सोपे नाही. दंगली थांबल्या, घरे मिळाली, कामगाराची मुले इंजिनिअर झाली, आणि चारही समाजांची मुले एका बाकावर बसू लागली, हे खरेच आहे. ली क्वान यू यांनी तर स्वतःची मुले चिनी शाळेत घातली होती. २००९ साली त्यांनी जाहीरपणे मान्य केले की भाषा शिकवण्याची सुरुवातच चुकीची झाली, घोकंपट्टी आणि श्रुतलेखनाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे मन चिनी भाषेवरून उडाले. पण बोली पुसल्याबद्दल त्यांना खंत नव्हती. मेंदूत दोनच भाषांना नीट जागा असते, असे त्यांचे मत होते. खेड्यात सहज तीन भाषा बोलणाऱ्या आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला हे मत पटवणे अवघड जाईल.

शिवाय मोकळ्या केलेल्या जागेत मँडरिन फार काळ बसलीही नाही. २०२० च्या जनगणनेत घरात सर्वाधिक बोलली जाणारी भाषा म्हणून ४८.३ टक्के लोकांनी इंग्रजी सांगितली, मँडरिन २९.९ टक्क्यांनी. १९५७ मध्ये प्रश्न थोडा वेगळ्या शब्दांत विचारला होता, तरी दोन्ही भाषा मिळून तेव्हा शंभरात दोघांच्या होत्या, आता अठ्ठ्याहत्तरांच्या आहेत. सगळ्या चिनी बोली मिळून ८.७ टक्के उरल्या, आणि ती बहुतेक म्हातारी माणसे. 'मँडरिन बोला' मोहीम अजून चालू आहे. आता तिचा रोख इंग्रजी बोलणाऱ्या चिन्यांवर आहे.

त्या म्हाताऱ्या माणसांसाठी सरकारने उपचाराच्या आणि मदतीच्या चांगल्या योजना काढल्या. त्या त्यांना कळेनात. तेव्हा २०१६ साली सरकारनेच पैसे घालून दूरचित्रवाणीवर होक्कियनमध्ये मालिका काढली, योजनांची माहिती गोष्टीत गुंफून. तिच्या नावाचा अर्थ 'जेवलात का?' असा आहे. होक्कियन माणसे भेटली की एकमेकांना हेच विचारतात, आपल्याकडे विचारतात तसेच. मालिका भलतीच गाजली. अलीकडे तिथल्या दवाखान्यांत काम करणारी तरुण मुले या आजी-आजोबांसाठी होक्कियन आणि कँटोनीतली कामापुरती वाक्ये शिकतात: कुठे दुखते, कधीपासून दुखते, गोळी घेतली का, जेवलात का.